ग्रंथालयाची किल्ली कोणाच्या हाती?

पुण्यात किंवा कोल्हापुरात एखादे मराठी पुस्तक प्रसिद्ध झाले की त्याच्या चार प्रती देशातील चार ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवणे हे प्रकाशकाचे कायदेशीर कर्तव्य असते. १९५४ च्या कायद्याने ही तरतूद केली. त्यांतील एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जाते. उरलेल्या तीन मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील नेमून दिलेल्या ग्रंथालयांत जातात. चेन्नईचे हे ग्रंथालय म्हणजे १८९६ साली उघडलेले कॉनेमारा सार्वजनिक ग्रंथालय होय. अशा रीतीने ज्या नगरीत मराठी बोलणारी घरे थोडी, त्या नगरीतही मराठी पुस्तके येत राहतात. त्याच राज्यात तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालयात भोसले राजांच्या काळची मराठी हस्तलिखिते जतन केलेली आहेत, ती वेगळीच.

परंतु पुस्तक ग्रंथालयात पोहोचले म्हणजे ते वाचकापर्यंत पोहोचले असे होत नाही. लक्षावधी ग्रंथांच्या संग्रहात ज्याची नोंद चुकली ते पुस्तक आणि जे मुळी आलेच नाही ते पुस्तक, या दोहोंत वाचकाच्या दृष्टीने काहीच अंतर नसते. ग्रंथालयाचे खरे भांडार कपाटांत असते, पण त्याची स्मृती असते नोंदींत. ही स्मृती पूर्वी दाखल-वहीत आणि तालिकापत्रांत राहत असे. आता ती संगणकात राहते. मग असा प्रश्न उपस्थित होतो की, ज्या आज्ञावलीच्या साहाय्याने संगणक ही स्मृती सांभाळतो, ती आज्ञावली कोणाच्या मालकीची असावी? वरकरणी हा हिशेबनिसाचा किंवा यंत्रज्ञाचा प्रश्न वाटतो. वस्तुतः तो प्रत्येक वाचकाचा प्रश्न आहे.

गणिताचा अध्यापक ग्रंथपाल होतो

ग्रंथालयाच्या व्यवस्थेचा शास्त्र म्हणून विचार आपल्या देशात प्रथम ज्या ठिकाणी झाला, ते ठिकाणही चेन्नईच होय. त्या काळी हे शहर मद्रास या नावाने ओळखले जात असे. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयात शियाळी रामामृत रंगनाथन हे गणित शिकवीत असत. १९२४ च्या जानेवारीत मद्रास विद्यापीठाने त्यांना आपले पहिले ग्रंथपाल नेमले. नव्या जागी त्यांचे मन रमेना. विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गाची सवय असलेल्या त्या शिक्षकाला ग्रंथालयातील शांतता असह्य झाली आणि आपल्याला पुन्हा वर्गावर घ्यावे, अशी विनंती त्यांनी केली. तेव्हा, आधी इंग्लंडला जाऊन हे शास्त्र शिकून या, मग काय ते ठरवा, असा सल्ला त्यांना मिळाला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी शिक्षण घेतले आणि इंग्लंडमधील अनेक ग्रंथालये डोळसपणे पाहिली. तेथील एका मोठ्या दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. पट्ट्या, चाके आणि खिळे तेच. पण जोडणी बदलली की कधी पूल तयार होई, कधी गाडी. ज्ञानाचे विषयही असेच मूळ घटकांच्या जोडणीतून बनतात, हा विचार त्यांना तेथे सुचला आणि त्यातून पुढे १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरणपद्धती प्रसिद्ध झाली. १९२५ मध्ये परतल्यावर त्यांनी वर्गाचा विचार सोडून दिला. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांचा आशय थोडक्यात असा: ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याला हवा तो ग्रंथ मिळाला पाहिजे, प्रत्येक ग्रंथालाही त्याचा वाचक मिळाला पाहिजे, वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, आणि ग्रंथालय हे सजीवाप्रमाणे सतत वाढणारे असते.

त्या वेळी ग्रंथालयांत संगणक नव्हता. तरी आज कोणत्याही ग्रंथालयीन आज्ञावलीची परीक्षा घ्यावयाची झाल्यास याहून चांगल्या कसोट्या सापडणार नाहीत.

वही, पत्रक आणि यंत्र

संगणक येण्यापूर्वी ग्रंथपाल काय करीत, हे आधी पाहू. पुस्तक आले की दाखल-वहीत त्याची नोंद होऊन त्याला दाखलांक मिळे. नंतर विषयानुसार वर्गांक ठरे. मग त्याच पुस्तकासाठी ग्रंथकर्ता, शीर्षक आणि विषय यांची निरनिराळी तालिकापत्रे लिहून ती लाकडी खणांत वर्णानुक्रमे लावावी लागत. देवघेवीसाठी प्रत्येक पुस्तकाच्या आत एक पत्रक आणि प्रत्येक सभासदाच्या नावे एक खिसा असे. पुस्तक बाहेर गेले की त्याचे पत्रक त्या खिशात घालून परतीच्या तारखेच्या मागे उभे करीत. ही पद्धत साधी आणि सुंदर होती. पण वाचकांची संख्या हजारांवर गेली की प्रत्येक प्रश्नाचे उत्तर शोधण्यात तास जात. एखाद्या ग्रंथकर्त्याच्या नावाचे लेखन बदलायचे ठरले, तर शेकडो पत्रके काढून पुन्हा लिहावी लागत.

संगणकाने हेच काम तीन याद्यांत मांडले. पहिली यादी ग्रंथांची: शीर्षक, कर्ता, विषय, प्रकाशनवर्ष. दुसरी यादी प्रतींची, कारण एकाच ग्रंथाच्या पाच प्रती असू शकतात आणि प्रत्येकीचा दाखलांक व बारकोड स्वतंत्र असतो. तिसरी यादी वाचकांची. पुस्तक देणे म्हणजे दुसऱ्या यादीतील एक ओळ तिसऱ्या यादीतील एका ओळीशी परतीच्या तारखेसह जोडणे. परत घेणे म्हणजे ती गाठ सोडणे. एवढ्या जोडणीतून कितीतरी उत्तरे क्षणात मिळतात. अमुक पुस्तक आत आहे की बाहेर? बाहेर असल्यास कधी येईल? त्याच्यासाठी किती जण थांबले आहेत? गेल्या पाच वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके कोणती? शेवटच्या प्रश्नाकडे विशेष लक्ष द्यावे. ज्या ग्रंथाला अद्याप वाचक लाभलेला नाही, त्याचा शोध घेण्याचे ते साधन आहे. रंगनाथनांचे तिसरे सूत्र येथे प्रत्यक्षात उतरते.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात यांशिवाय आणखी कामे असतात. नियतकालिकांचा कोणता अंक आला, कोणता राहिला, हे पाहावे लागते. खरेदीच्या मागण्या आणि देयके यांचा हिशेब ठेवावा लागतो. विभागीय ग्रंथालयांचा मेळ घालावा लागतो. ही सर्व कामे एकत्र करणाऱ्या आज्ञावलीस एकात्मिक ग्रंथालय प्रणाली असे म्हणतात.

काढा आणि कृती

संगणकाची आज्ञावली दोन रूपांत असते. मनुष्य ती ज्या रूपात लिहितो ते वाचता येते, समजते आणि सुधारता येते. यंत्राला चालवण्यासाठी तिचे बहुधा दुसऱ्या रूपात रूपांतर करतात. ते रूप यंत्राला कळते, माणसाला जवळजवळ कळत नाही. वैद्याने काढ्याची बाटली दिली तर गुण येईल. पण काढा संपला की पुन्हा त्याच्याच दारी जावे लागेल. त्याने कृती लिहून दिली तर काढा आपल्या घरी होईल, शेजाऱ्याला सांगता येईल आणि एखादे औषध मानवत नसल्यास दुसऱ्या जाणत्या वैद्याकडून बदलूनही घेता येईल. ज्या आज्ञावलीचे मानवी वाचनाचे रूप सर्वांना खुले असते आणि ती वापरण्याची, अभ्यासण्याची, बदलण्याची व वाटण्याची परवानगी लेखी दिलेली असते, तिला मुक्तस्रोत आज्ञावली म्हणतात.

विनामूल्य आणि मुक्त यांतील भेद येथेच स्पष्ट केला पाहिजे. १९८० च्या दशकात युनेस्कोने ग्रंथसूचीसाठी सीडीएस-आयसिस नावाची आज्ञावली लहान संगणकांवर आणली. भारतात ती निसॅट या शासकीय योजनेमार्फत वाटली जात असे आणि अनेक ग्रंथालयांनी संगणकाची मुळाक्षरे तिच्यावरच गिरवली. तिच्यासाठी मोल पडत नसे; परंतु तिची मूळ संहिता मात्र सर्वांना खुली नव्हती. काढा फुकट मिळाला, कृती मिळाली नाही.

बंद आज्ञावली वाईटच असते, असे मुळीच नव्हे. अनेक कंपन्यांनी उत्तम प्रणाली केल्या आणि सचोटीने सेवाही दिली. धोका निराळ्या ठिकाणी आहे. कंपनी बंद पडली, तिने जुनी आवृत्ती सोडून दिली किंवा वार्षिक शुल्क ग्रंथालयाच्या आवाक्याबाहेर गेले, तर नोंदींचे काय होणार? मराठी वाचकाला या धोक्याची कल्पना देण्यास दूर जावे लागत नाही. आपल्या घराण्यांतील आणि कचेऱ्यांतील मोडी कागद डोळ्यांसमोर आणावेत. कागद शाबूत आहेत, शाई टिकून आहे, तंजावरच्या दप्तरातही ते आहेत. पण मोडी वाचणारे थोडे उरल्यामुळे पुष्कळसे दप्तर मुके होऊन बसले आहे. ज्या आज्ञावलीने नोंदी आपल्या गुप्त पद्धतीने लिहून ठेवल्या आणि जी पुढे चालेनाशी झाली, तिच्यातील नोंदींची गत तीच होते. मोडी वाचायला निदान शिकता तरी येते.

लेव्हिन गावची देणगी

हा धोका एका लहानशा गावाने ओळखला. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर लेव्हिन नावाचे गाव आहे. तेथील आणि आसपासच्या गावांतील सार्वजनिक ग्रंथालये होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यास चालवीत असे. १९९९ साली या न्यासापुढे पेच उभा राहिला. त्याची जुनी संगणक प्रणाली वर्षाचे आकडे अशा रीतीने लिहीत होती की २००० साल उजाडताच ती कोलमडणार, हे स्पष्ट झाले. नवी तयार प्रणाली विकत घेण्याऐवजी न्यासाने वेलिंग्टनच्या कटिपो या कंपनीकडून स्वतःच्या गरजेपुरती प्रणाली लिहून घेतली. २००० च्या जानेवारीत ती कामास लागली.

यानंतर न्यासाने आणि कंपनीने जे केले त्याला खरे महत्त्व आहे. ती प्रणाली आपल्यापुरती न ठेवता त्यांनी तिची मूळ संहिता जगाला खुली करून दिली आणि तिला कोहा असे नाव दिले. हा न्यूझीलंडच्या माओरी लोकांच्या भाषेतील शब्द आहे. त्याचा अर्थ भेट. परंतु एकतर्फी दान नव्हे, तर परस्परांचे नाते सांभाळणारी, परतफेडीची जाण असलेली भेट. आपल्याकडील आहेराशी तिचे नाते जवळचे आहे.

ज्या परवान्याखाली कोहा दिली जाते त्याचे तत्त्वही आहेराचेच आहे. तुम्ही ती घ्या, बदला, इतरांना द्या. मात्र बदललेली प्रणाली दुसऱ्याला देताना तिची मूळ संहिताही त्याच अटींवर द्या. यामुळे परतफेड सुरू झाली. अमेरिकेतील ओहायो राज्याच्या नेल्सनविल सार्वजनिक ग्रंथालयाने ग्रंथनोंदींच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीची सोय कोहात व्हावी म्हणून पैसा पुरवला. फ्रान्समधील आज्ञावलीकारांनी त्यासाठी काम केले. लेव्हिनला ज्याची गरज नव्हती ते ओहायोने केले आणि ते सर्वांना मिळाले. आज कोहाची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा निघते.

देणगीवरही हक्क सांगणारे निघतात. २०११ साली कोहा हे नाव न्यूझीलंडमध्ये एका अमेरिकन कंपनीचे व्यापारचिन्ह म्हणून नोंदले जाण्याच्या मार्गावर होते. त्या ग्रंथालय न्यासाने हरकत घेतली आणि जगातील ग्रंथपालांकडे साहाय्य मागितले. अनेकांनी वर्गणी पाठवली. २०१३ च्या डिसेंबरात निर्णय न्यासाच्या बाजूने लागला. संहिता खुली केली म्हणजे कर्तव्य संपले असे नसून तिचे राखणही करावे लागते, हा धडा या प्रकरणाने दिला.

पुस्तकाचे ओळखपत्र

चेन्नईच्या ग्रंथालयात आलेल्या मराठी पुस्तकाकडे पुन्हा वळू. मराठी न वाचणारा ग्रंथपाल त्याची नोंद कशी करील? जगातील ग्रंथपालांनी याचे उत्तर परस्परांच्या विश्वासातून शोधले आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात हेन्रिएट अव्राम या बाईंनी ग्रंथाची नोंद यंत्राला वाचता यावी म्हणून एक पद्धत बसवली. तिला मार्क म्हणतात. तीत प्रत्येक माहितीला ठरलेला क्रमांक असतो. २४५ या क्रमांकापुढे शीर्षक, १०० पुढे कर्त्याचे नाव, ६५० पुढे विषय, ०२० पुढे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय प्रमाणांक. भाषा कोणतीही असो, २४५ पुढे जे आहे ते शीर्षकच, हे चेन्नईलाही कळते आणि मुंबईलाही.

नोंदींची भाषा एक झाली की त्यांची देवाणघेवाण करता येते. झेड ३९.५० नावाच्या संकेताने एका ग्रंथालयाचा संगणक दुसऱ्या ग्रंथालयाच्या संगणकाला विचारू शकतो, ‘या पुस्तकाची नोंद आपल्याकडे आहे काय?’ असल्यास ती उतरवून घ्यावयाची आणि आपला दाखलांक तेवढा जोडावयाचा. मराठी जाणणाऱ्या ग्रंथपालाने मुंबईत एकदा काळजीपूर्वक केलेली नोंद अशा रीतीने तमिळ ग्रंथपालाच्या कामी येते. कोहामध्ये ही सोय आहे.

नावांचा प्रश्न मात्र यंत्र आपण होऊन सोडवीत नाही. शियाळी रामामृत रंगनाथन या नावात शियाळी हे गाव, रामामृत हे वडिलांचे नाव आणि रंगनाथन हे स्वतःचे नाव. तमिळ रीतीत आडनाव नाही. मराठी रीतीत आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे, शेवटी आडनाव. दोन्ही ठिकाणी शेवटचा शब्द पुढे आणला, तर तमिळ माणूस आपल्या नावाखाली सापडेल आणि मराठी माणूस कुळाच्या नावाखाली. मराठीत आणखी एक अडचण आहे. कुसुमाग्रजांच्या नावाने कविता शोधणाऱ्याला वि. वा. शिरवाडकरांच्या नावाने छापलेली नाटकेही दिसली पाहिजेत. केशवसुत शोधणाऱ्याला कृष्णाजी केशव दामले हे नाव आडवे येता कामा नये. यासाठी ग्रंथनोंदींखेरीज नावांची स्वतंत्र प्रमाणसूची ठेवावी लागते. सूचीत दोन नावांची गाठ एकदा बांधली की वाचक कोणत्याही दाराने आत आला तरी एकाच दालनात पोहोचतो. गाठ बांधण्याची सोय प्रणाली देते. ती कोठे बांधावी हे ज्ञान ग्रंथपालाचेच.

लिपीचा प्रश्न

भारतीय ग्रंथालयांची जी हानी बंद पद्धतींमुळे झाली, तीत लिपीचा वाटा मोठा आहे. संगणकाला अक्षर ठाऊक नसते, अंक ठाऊक असतो. ‘क’ साठी कोणता अंक, हे सर्वांनी मिळून ठरवावे लागते. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की नावाची संकेतावली मान्य केली. तरीही मुद्रणव्यवसायात अनेक कंपन्यांच्या टंकांनी आपापले अंक वापरले. एका टंकात ‘क’ असलेला अंक दुसऱ्या टंकात निराळेच चिन्ह होई. ज्या ग्रंथालयांनी अशा टंकांत मराठी नोंदी केल्या, त्यांना टंक बदलताच पडद्यावर अर्थहीन चिन्हांची रांग दिसू लागली. काहींनी हा त्रास टाळण्यासाठी मराठी शीर्षके रोमन लिपीत लिहिली. मग ‘काळ’ आणि ‘काल’ एक झाले.

तमिळची स्थिती याहून वेगळी नव्हती. १९९९ च्या फेब्रुवारीत चेन्नईत भरलेल्या तमिळनेट परिषदेने टंकांतील हा गोंधळ मिटवण्यासाठी समान संकेतावल्या सुचवल्या आणि २०१० साली तमिळनाडू शासनाने युनिकोड या जागतिक संकेतावलीला मान्यता दिली. युनिकोडमध्ये प्रत्येक लिपीतील प्रत्येक चिन्हाला कायमचा अंक दिलेला आहे, आणि तो कोणाच्याही मालकीचा नाही. कोहासारख्या प्रणाली युनिकोडवर चालत असल्याने एकाच सूचीत तमिळ, मराठी आणि इंग्रजी ग्रंथ शेजारी शेजारी नांदू शकतात.

येथेही दक्षता हवीच. ‘ॲ’ या मराठी अक्षराला युनिकोडने स्वतंत्र अंक दिला तो २००८ साली. त्यापूर्वी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देत असत. डोळ्याला दोन्ही रूपे सारखी दिसतात. यंत्राला ती भिन्न वाटतात. ‘ॲटम’ शोधणाऱ्याला जुन्या रीतीने लिहिलेले पुस्तक सापडले नाही, तर दोष वाचकाचा नव्हे. बंद प्रणालीत अशी अडचण दूर करावयाची झाल्यास कंपनीला पत्र लिहून वाट पाहावी लागते. मुक्त प्रणालीत मराठी जाणणारा कोणीही आज्ञावलीकार दोन्ही रूपे एक मानण्याची आज्ञा लिहू शकतो, आणि त्याने ती सर्वांना दिली तर प्रश्न सर्वांपुरता सुटतो. लहान भाषिक समाजांना मुक्तस्रोताचे महत्त्व विशेष वाटावे ते यामुळेच. ज्या अडचणीत कंपनीला नफा दिसत नाही, ती दूर करण्याचा अधिकार अडचण सोसणाऱ्याच्या हाती राहतो.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात हे विचार रुजवण्याच्या कार्यातही चेन्नईचा वाटा आहे. २००५ साली केंद्र शासनाने मुक्त आज्ञावलींसाठी राष्ट्रीय साधनकेंद्र स्थापन केले. अण्णा विद्यापीठाचे एयू-केबीसी संशोधन केंद्र आणि सी-डॅकची चेन्नई शाखा यांनी ते उभारले. या विषयाचे शिक्षण अभियांत्रिकी महाविद्यालयांत सुरू करणे आणि भारतीय भाषांना अनुकूल अशी बॉस ही संगणक-कार्यप्रणाली तयार करणे, ही त्याची प्रमुख कामे होत. हैदराबादेत तयार झालेली न्यूजेनलिब ही ग्रंथालय प्रणाली २००८ साली मुक्त करण्यात आली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या एका प्रकल्पात अनेक कृषी विद्यापीठांच्या ग्रंथालयांत कोहा बसवण्यात आली. २०१५ साली केंद्र शासनाने आपल्या कार्यालयांत मुक्तस्रोत आज्ञावलींना प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले.

प्रबंधांच्या बाबतीत तर या विचाराचे फळ सर्वांसमोर आहे. पूर्वी पीएच.डी.चा प्रबंध विद्यापीठाच्या कपाटात धूळ खात पडे. चेन्नईत झालेले संशोधन नागपूरला कळत नसे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली प्रबंधांची संगणकीय प्रत देणे आवश्यक ठरवले आणि इन्फ्लिबनेट केंद्राने शोधगंगा हे भांडार उभारले. ते डीस्पेस या मुक्तस्रोत प्रणालीवर रचलेले आहे. ही प्रणाली अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेने ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या सहकार्याने २००२ साली खुली केली होती. आज सातारच्या विद्यार्थ्याला मद्रास विद्यापीठातील प्रबंध घरी बसून वाचता येतो.

मुक्त, पण फुकट नव्हे

हे सर्व वाचून एखाद्या शाळेचे किंवा महाविद्यालयाचे चालक म्हणतील, ‘मग आपणही ही प्रणाली घेऊ, पैसे वाचतील.’ त्यांनी थोडे थांबावे. परवान्याचे मूल्य नसले तरी संगणक, वीज, नोंदींचे स्थलांतर आणि माणसांचे प्रशिक्षण यांना खर्च येतोच. विहीर गावाची झाली म्हणून तिचा गाळ आपोआप निघत नाही. प्रणाली बसवून देणारा तरुण नोकरी सोडून गेला आणि मागे कोणालाच काही ठाऊक नाही, अशी स्थिती आली तर मुक्त प्रणालीही बंद पेटीच बनते. म्हणून वाचलेल्या पैशाचा पहिला भाग ग्रंथपालाच्या शिक्षणावर खर्च व्हावा.

दुसरी गोष्ट नोंदींच्या प्रतींची. २०१५ च्या डिसेंबरात चेन्नईने महापूर पाहिला. १९६१ च्या जुलैत पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्याने पाहिला. कागदाच्या दाखल-वहीची दुसरी प्रत कोणी करीत नसे. संगणकातील नोंदींची प्रत रोज काढता येते; पण ती त्याच खोलीत ठेवली तर पाणी दोघींनाही सारखेच बुडवील. एक प्रत दुसऱ्या गावी असावी आणि ती खरोखर उघडते की नाही, हे वर्षातून निदान एकदा पाहावे.

तिसरी गोष्ट वाचकाच्या विश्वासाची. कोणी कोणते पुस्तक नेले, हे यंत्र वर्षानुवर्षे लक्षात ठेवू शकते. ते ठेवावे की नाही, हा प्रश्न यंत्राचा नसून नीतीचा आहे. पुस्तक परत आल्यावर वाचकाचे नाव त्या नोंदीतून पुसून टाकण्याची सोय कोहामध्ये आहे. तिचा उपयोग करावा की नाही, हे ग्रंथालयाने ठरवावे आणि वाचकांना सांगावे.

प्रणाली मुक्त असो वा बंद, ती घेण्यापूर्वी ग्रंथपालाने तीन प्रश्न विचारावेत. आमच्या सर्व नोंदी, सभासद आणि देवघेव यांसह, सर्वमान्य पद्धतीत आम्हाला केव्हाही बाहेर काढता येतील काय? मराठी नोंदी युनिकोडमध्ये राहतील काय? उद्या तुम्ही नसलात तर हे काम दुसऱ्या कोणाला करता येईल काय? तिन्ही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी असेल तरच ग्रंथालयाची किल्ली ग्रंथालयाच्या हाती आहे, असे समजावे.

रंगनाथनांनी आपल्या आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी पत्नी शारदा यांच्या नावे निधी उभारून दिला. ज्या संस्थेने त्यांना ग्रंथपाल केले, तिला त्यांनी दिलेली ही परतफेड होती. ग्रंथालय वाढते राहते, हे त्यांचे पाचवे सूत्र. जे वाढते त्याला वेळोवेळी नवे अंगरखे शिवावे लागतात, आणि ते शिवण्याची कला घरात असणे केव्हाही बरे. लहान ग्रंथालयाने सुरुवात लहानच करावी: शंभर मराठी पुस्तकांच्या नोंदी युनिकोडमध्ये, ग्रंथकर्त्यांची प्रमाण नावे ठरवून, अचूक कराव्यात आणि त्या शेजारच्या ग्रंथालयाला द्याव्यात. तीही आपल्या नोंदी देईल. एवढा व्यवहार सुरू झाला की चेन्नईच्या कपाटातील मराठी पुस्तक आणि सातारच्या शाळेतील तमिळ पुस्तक, दोन्हींना आपापला वाचक सापडेल.